पटलेभाऊंची परखी आणि नेपच्यूनचं पोतं

कुडव्याच्या झनकलाल पटल्यांनी आयुष्यात एकही गोष्ट पहिल्यापासून ऐकली नाही. पूजेला ते तिसऱ्या अध्यायाला येत आणि चौथ्याला प्रसादाकडे सरकत. वर्तमानपत्र मधल्या पानावर उघडत. पंगतीत बसले की पहिला हात ताटाच्या मधोमध, मग तिथे काही वाढलेलं असो वा नसो. दारात येऊन कोणी बोलायला लागलं की म्हणत, "रामराम झाला, आता मधातलं सांग." जन्माबद्दल विचारलं तर सांगत, की लोक डोक्याकडून येतात, एखादा पायाकडून येतो, आपण मात्र मधातूनच आलो आणि सुईणीला शेवटपर्यंत समजलं नाही की हे कसं घडलं. पूर्वजांचंही तेच. "आमचे लोक माळव्याहून निघाले ते कुठं जाऊन राहिले होते, कोनाले माहीत! मधातच थांबले. त्याले गोंदिया म्हनतेत."

आता पटलेभाऊ नाहीत, म्हणून मला हे सगळं पहिल्यापासून सांगता येतंय. ते असते तर मला या वाक्यापर्यंतही पोचू दिलं नसतं.

दोष त्यांचा नव्हता, त्यांच्या परखीचा होता. पटलेभाऊ धानाचे व्यापारी. परखी म्हणजे हातभर लांबीची टोकदार, पोकळ लोखंडी नळी. पोत्याच्या कुशीत खुपसली की आतले मूठभर दाणे तिच्यातून घरंगळत तळहातावर येतात. वरचं धान सगळेच चांगलं भरतात, खरं काय ते पोत्याच्या पोटात. पटलेभाऊ ते दाणे चोळत, एक फुंकर मारत, दोन दाणे दाताखाली फोडत आणि एकच शब्द बोलत. "भरलं" किंवा "पोचट". तो शब्द तोंडातून सुटला की साक्षात ब्रह्मदेव ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आला असता तरी बदलला नसता. फुंकर तर अशी, की एकदा गोदामातला कोंडा उडून चार घरं पलीकडे वाळत घातलेल्या पापडांवर जाऊन बसला. हे मी पाहिलेलं नाही. पण ते पापड मी खाल्लेले आहेत.

लग्नही त्यांनी परखी लावूनच केलं. मुलगी बघायला गेले. पाहुणे नाव विचारू लागले, शिक्षण विचारू लागले, तेवढ्यात यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि मुलीला थेट विचारलं, "मंग पुढं काय झालं?" बैठक गार पडली. सत्यशीलावहिनी मान खाली घालूनच म्हणाल्या, "पुढं काय होनार? तुमी उशिरा आले, पोहे थंडे झाले, म्या दुसऱ्यांदा गरम केले. आता तिसऱ्यांदा करनार नाई."

"भरलं," पटलेभाऊ म्हणाले, आणि लग्न ठरलं.

अशा माणसाला अंतराळातल्या संगीताचा नाद कसा लागला, हा प्रश्न गोंदियात अनेकांना पडे. त्याचं श्रेय किशनचंदला. बाजारात त्याचं टेप-रेडिओचं दुकान होतं, आता तिथेच मोबाईल विकतो. कॅसेटांच्या जमान्यात त्याच्याकडे कोऱ्या कॅसेटांच्या खोक्यात चुकून परदेशी कॅसेटांचा एक गठ्ठा आला. वेष्टनावर लाल ग्रह, ग्रहावर एक रिकामी खुर्ची. गिऱ्हाइकं लावून बघत आणि विचारत, "सेठ, टेप खराब है क्या?" कारण ऑर्गन एकसारखा घुमतोय, गिटार कुठेतरी दूर विव्हळतेय, ढोल आपल्याच विचारात, आणि गाणारा इतक्या उशिरा उगवतो की तोवर माणसाची दाढी वाढावी. याला स्पेस-रॉक म्हणतात हे आम्हाला फार पुढे कळलं. किशनचंदने तो गठ्ठा पटलेभाऊंच्या गळ्यात मारला. पटलेभाऊंनी पहिली कॅसेट मधोमध फिरवून लावली, डोळे मिटले आणि म्हणाले, "किशन्या, हे तं भातगिरनी चांदावर नेऊन चालू केल्यावानी वाटून राहिलं. भरलं!"

त्या दिवसापासून आमचं अंतराळ मंडळ सुरू झालं. दर रविवारी दुपारी पटलेभाऊंच्या गोदामात बैठक. चारी बाजूंनी धानाची पोती रचलेली, त्यामुळे आवाज घुमत नसे, पोती तो गिळून टाकत. मधोमध दोन माणसांएवढे उंच दोन स्पीकर. पटलेभाऊ त्यांना 'माह्ये पोट्टे', म्हणजे माझी पोरं, म्हणत आणि खांद्यावरच्या दुपट्ट्याने रोज पुसत. त्याच दुपट्ट्याने स्वतःचं तोंड मात्र दिवाळीलाच. बिरसीच्या विमानतळावरून उडणारं शिकाऊ विमान रविवारी गोदामावर घिरट्या घालतं ते आपला बाजा ऐकायला, हा त्यांचा दावा. "पाह्य, पंख हालवून दाद देऊन राहिला!" वाऱ्याने हलतायत म्हटलं की रागवत. एकदा ते विमान खरंच तिसऱ्यांदा वळलं, तेव्हा त्यांनी अंगणातून आत हाक मारली, "अवो, एक चाय वाढव. पोट्टं उतरते वाटते!"

डोमाजी शेंडे आमच्यात आला तो मंडईमुळे. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, दिवसा बाजार आणि रात्री नाटक. नवेगाव बांधच्या मंडईत पटलेभाऊ दुपारीच नाटकाच्या मंडपात शिरले, हातात भज्यांचा कागद. आत डोमाजी आपला ऑर्गन तपासत होता. पायाने भाता मारायचा जुना ऑर्गन, लाकडी. देवाच्या आकाशवाणीसाठी नाटक कंपनीने आवाज घुमवायचं एक यंत्र आणलं होतं, ते या पठ्ठ्याने ऑर्गनला जोडलेलं. एक सूर सोडला की तो मंडपाबाहेर जाऊन, तलावाला प्रदक्षिणा घालून परत येई. पटलेभाऊंच्या हातातली भजी कढईत नसतील इतका वेळ हातात राहिली.

"कोन होय बे तू?"

"डोमा. इथलाच, तलावावरचा ढिवर."

"चांदावर गेला होता का?"

"नाई जी. वडशापर्यंत गेलतो."

त्यावर पटलेभाऊंनी त्याला मिठी मारली, आणि भज्यांचं तेल डोमाजीच्या नाटकातल्या जाकिटाला कायमचं लागलं. पुढे ते एकमेकांना झनक्या आणि डोम्या म्हणू लागले. दोघांना असं म्हणायची परवानगी असलेले जगात दुसरे कोणी नव्हते.

वर्षं गेली. नाटक कंपन्यांत विजेवरचे हलके बाजे आले, पायाने मारायचा ऑर्गन घरी बसला आणि त्याच्यामागे डोमाजीही. घरी बसून त्याने काय करावं? कंपनीतलाच जुना गिटारवाला आणि ढोलवाला धरला, तलावाकाठच्या आपल्या घरात खिडक्यांना गोधड्या लावल्या आणि अख्खा अल्बम केला. नाव ठेवलं 'नवेगाव ते नेपच्यून'. आमच्या तरुणपणच्या कॅसेटांसारखाच सूर, तसाच जुना घुमारा, कॉम्प्युटरचा एक टिपूससुद्धा नाही. गिटारवाल्याने तो इंटरनेटवर टाकला. मग डोमाजी गोदामात आला आणि पाणीही न पिता म्हणाला, "झनक्या, रविवारी ऐक. तू भरलं म्हटलं तं पुढचा बनवतो. पोचट म्हटलं तं पेटी भजनाले देऊन टाकतो. घरी नुसती पाहात बसन माह्याच्यानं होत नाई."

रविवारपर्यंत पटलेभाऊंनी अल्बमकडे ढुंकून पाहिलं नाही. आम्ही बाकीच्यांनी फोनवर ऐकून मतांचा बाजार मांडला. मी सांगितलं, पहिलं उड्डाणाचं गाणं इतकं लांब आहे की मी ते सुरू केलं, दाढी केली, अंघोळ केली, पंचायत समितीत जाऊन दोन फायली हातावेगळ्या केल्या, परत आलो तरी रॉकेट अजून तापतच होतं. पण तापत होतं झकास! किशनचंद म्हणाला, "ऑर्गन तो जबरदस्त है भाई. लेकिन इसमें नया क्या है? पुराना माल, नया डब्बा."

"जुनं वाटावं म्हणूनच तर केलंय," मी म्हणालो.

त्यावर पटलेभाऊ पोत्यावरून गरजले, "नवा तांदूळ गिचका होते बे! मुरला म्हंजे मोकळा शिजते. जुनं हाये म्हनून नाव नोको ठेवू, मुरलं का नाई ते पाह्य."

इंटरनेटवरही मतं येत होती. रायपूरच्या एकाने लिहिलं, पापाच्या टेपरेकॉर्डरचा वास आला. भंडाऱ्याच्या एकाने लिहिलं, साकोलीला गाणं लावलं, देवरी आली तरी शनीचं कडं ओलांडून झालं नव्हतं. एकाने अशा लिपीत लिहिलं की आमच्यापैकी कोणाला वाचता येईना, पण शेवटी तीन रॉकेटं काढली होती, म्हणून किशनचंदने ती तारीफ ठरवली. आणि कोणा एकाने लिहिलं होतं, "पन्नास वर्षं उशिरा आलात, काका." डोमाजी बाकीची मतं सोडून तेवढंच पुन्हा पुन्हा वाचत होता.

रविवार उजाडला. स्पीकर पुसून झाले. डोमाजी दाराजवळच्या पोत्यावर बसला, बसची वाट पाहणाऱ्यासारखा, पिशवी मांडीवर. पटलेभाऊंनी फोन जोडला, अंगठ्याने अल्बम सर्रकन मधोमध ओढला.

"झनक्या, सुरवातीपासून लाव न एक डाव," डोमाजी म्हणाला.

"पोतं तुह्यं, परखी माह्यी."

स्पीकरमधून काहीच आलं नाही. एक बारीक सूसू. आवाज वाढवला, सूसू वाढली. छपरावरचं कबुतर उडालं ते मात्र स्पष्ट ऐकू आलं. पटलेभाऊंनी नकळत रिकामा तळहात चोळला, त्यावर फुंकर मारली. किशनचंद माझ्याकडे बघू लागला, मी किशनचंदकडे.

"पोचट," पटलेभाऊ म्हणाले.

डोमाजी "बरं" म्हणाला. त्याने पिशवी खांद्याला लावली, माठातलं पाणी प्यायला, गिलास पालथा ठेवला.

"चाय तं पी," पटलेभाऊ म्हणाले.

"बस हाये माह्यी."

त्याच आठवड्यात आमगावकडच्या एका भजन मंडळाची गाडी नवेगावला गेली आणि ऑर्गन घेऊन आली. ही बातमी किशनचंदने आणली. पटलेभाऊ म्हणाले, "शब्द म्हंजे शब्द." पण पुढच्या रविवारी त्यांनी गोदामाला कुलूप लावलं. स्पीकरवर धूळ बसली. शेतकरी सांगत, आजकाल मालक फुंकर हळू मारतात.

मग एका सकाळी सत्यशीलावहिनींचा मला फोन आला. "बाबूजी, येता का? यांच्या डोक्याले मेंदी लावून राहिली." मेंदी लावायला पंचायत समितीचा बाबू कशाला हवा, हे न विचारता मी गेलो. व्हरांड्यात पटलेभाऊ खुर्चीवर, गळ्यात वर्तमानपत्र, डोक्यावर मेंदीचा थर आणि त्यावर गच्च बांधलेली प्लास्टिकची पिशवी. चंद्रावर उतरलेला माणूस यापेक्षा वेगळा दिसत नसणार. वहिनींनी सक्त ताकीद दिलेली, ऊन डोक्यावर येईपर्यंत उठायचं नाही, उठलात तर पट्टे पडतील. स्वतः त्या पुढ्यात सूप घेऊन मुगाच्या वड्या घालत होत्या, आणि शेजारी पाण्याच्या रिकाम्या पितळी गुंडात त्यांचा फोन ठेवला होता. गुंडातून डोमाजीचं रॉकेट तापत होतं. पहिल्यापासून.

"बंद कर वो ते."

"हात माखले माह्ये."

"बाबू, तू कर."

"बाबूजीले मी चाय देऊन राहिली, त्यायले उठवू नोका."

चहा कुठेच नव्हता. मी मात्र तो पीत असल्यासारखा बसून राहिलो.

पळता येत नव्हतं, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा पटलेभाऊ एक गोष्ट पहिल्यापासून ऐकू लागले. आधी तोंड फिरवून, मग तोंड सरळ करून. उड्डाण झालं. तलाव खाली राहिला. ढोल वाढला, गिटार पेटली, ऑर्गन असा काही उसळला की गुंड जागच्या जागी फिरला आणि सुपातल्या वड्या एका ओळीत आल्या. मग चंद्र आला आणि अचानक सगळं थांबलं. फक्त सूसू.

"पाह्य! हेच! हेच पोचट!" पटलेभाऊ खुर्चीतून अर्धे उठले.

"काहो," वहिनी वडी घालता घालता म्हणाल्या, "चांदावर हवा हाये का?"

"नाई."

"मंग आवाज कुठून येईल?"

पटलेभाऊ बसले. आम्ही ऐकत राहिलो. सूसूच्या आत नीट कान दिला तर भात्याचा श्वास होता. डोमाजीचे पाय चालले होते, बोटं नाही. एवढ्या गडगडाटानंतर एक माणूस कुठेतरी एकटा पोचला आहे आणि नुसता श्वास घेतोय. मग फार दुरून, ऑर्गनचा पहिला सूर परत उगवला.

वहिनींनी हात पुसले. "मले काई त्या रॉकेटातलं समजत नाई. पन हा मानूस त्या ठिकानी एकटा हाये, आन त्याले वाटून राहिलं का कोनी तरी संग यावं. तुमी तिथपर्यंत गेले आन बरोबर तिथूनच उठून आले."

पटलेभाऊंच्या गालावरून एक ओघळ आला. मेंदी आहे, असं त्यांनी लगेच सांगून टाकलं. नेपच्यून येईपर्यंत ते हलले नाहीत. संपल्यावर माझ्याकडे वळले. "बाबू, आपल्या गोदामाचा कायदा काय?"

कायदा मला पाठ होता. परखी मान्य नसेल तर शेतकऱ्याने म्हणायचं, पोतं पालथं करा. मग अख्खं पोतं फरशीवर ओतून पुन्हा निवाडा. पटलेभाऊंनी याला कधी कोणाला नाही म्हटलं नव्हतं.

"मंग त्या डोम्यानं कायले नाई मागतलं?" ते गरजले, आणि उठलेच. "काऊन नाई मागतलं त्यानं? तोंड नाई त्याले? वो, धू हे डोकं!" वहिनींनी धुतलं, पण वेळेआधी. अर्धं डोकं पांढरं, अर्धं भगवं, असे ते फोन करून बोलावलेल्या किशनचंदच्या पिकअपमध्ये चढले. मागे आम्ही.

भजन मंडळाचे बुवा देवळाच्या ओसरीवर बसले होते, शेजारी ऑर्गन, त्यावर ताजी झेंडूची माळ. बुवा म्हणाले, "देवाले देल्लं परत मागता का, पटले?"

"देवाचं नाई मागत. बदली द्याले आलो."

त्यांनी बुवांच्या हातावर दुपट्टा टाकला. बैलबाजारात सौदा असाच होतो, कापडाखाली, बोटं दाबून. दुपट्टा बराच वेळ हलत राहिला. बुवांनी एकदा मान हलवली, पटलेभाऊंनी दोनदा दात खाल्ले. किशनचंद माझ्या कानात म्हणाला, "दे क्या रहे हैं?" दुपट्टा उचलला तेव्हा पटलेभाऊ म्हणाले, "दोन्ही पोट्टे देल्ले."

स्पीकर! मी म्हणालो, भाऊ, एक द्या, एक ठेवा. त्यांनी ऐकलं नाही. दुपारी मंडळाची माणसं गोदामातून ते दोन राक्षस उचलून नेत होती आणि पटलेभाऊ लेक सासरी पाठवणाऱ्या बापासारखे मागे मागे. "उलटे ठेवू नोका. ओलीत ठेवू नोका. जोरानं भजन लावा, हळू त्यायले सोसत नाई." किशनचंदने विचारलं, "भाऊ, अब सुनोगे किस पे?" ऑर्गन पिकअपमध्ये होता, त्याला धरून पटलेभाऊ मागेच बसले.

नवेगावला पोचलो तेव्हा उन्हं कलायची होती. डोमाजी अंगणात जाळं दुरुस्त करत होता. त्याने आधी पिकअप पाहिली, मग ऑर्गन, मग पटलेभाऊंचं दोन रंगांचं डोकं.

"हे काय बे झालं डोक्याले?"

"डोकं सोड! पोतं पालथं कर म्हनाले तोंड नव्हतं का तुले? बारक्यातला बारका शेतकरी म्हनते मले! तू काऊन नाई म्हटलं?"

डोमाजी जाळ्याची गाठ मारत राहिला. "दुसरा कोनी बोलला असता तं भांडलो असतो. तू बोलला न."

पटलेभाऊंनी वाकून जाळ्याचं दुसरं टोक धरलं. म्हणाले, "भांडाले पायजे होतं बे." मग आमच्यावर ओरडले, "उभे कायले? उतरवा!"

ऑर्गन अंगणात, तलावाकडे तोंड करून ठेवला. डोमाजीने झेंडूच्या पाकळ्या झटकल्या, स्टुलावर बसला आणि पायांनी भाता मारू लागला. पटलेभाऊ खाली मातीत बसले, ऑर्गनला टेकून, डोळे मिटून. उड्डाण सुरू झालं. आम्ही बराच वेळ ऐकलं, पण किशनचंदला दुकान उघडायचं होतं, म्हणून आम्ही दोघे निघालो. पटलेभाऊंनी येणार नाही एवढीच मान हलवली. त्यानंतर ते मला दिसले नाहीत. मी निवडणुकीच्या कामावर देवरीकडे गेलो आणि तिकडेच मला भाऊ गेल्याचा वहिनींचा निरोप मिळाला.

त्या दिवशी गाडीत चढताना मी मागे पाहिलं. सगळं थांबलं होतं, तलावावर बगळेसुद्धा गप्प. डोमाजी चंद्रावर पोचला होता. त्याची बोटं मांडीवर होती, पाय चालत होते, आणि तो चोरून खाली पटलेभाऊंकडे बघत होता. बघता बघता त्याचे पाय मंदावले. पटलेभाऊंनी डोळे उघडले नाहीत.

"थांबू नोको बे," ते म्हणाले. "मी आहो इथंच."